कोरसातली जागा

आमच्या कुडाळच्या एस.टी. स्टँडाचे बाक काढून टाकले, भिंतींना आतून-बाहेरून काळा रंग फासला आणि कंट्रोलरच्या खिडकीच्या जागी बिअर विकायला ठेवली, तर जे होईल ते म्हणजे अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचं फर्स्ट ॲव्हेन्यू. मी विनोद करत नाहीये. ती इमारत खरोखरच बसस्टँड होती. ग्रेहाउंड कंपनीच्या बसगाड्यांसाठी १९३७ साली बांधलेली, कोपरा गोल वळवलेली, त्या काळात झोकदार वाटत असेल अशी. बसगाड्या दुसरीकडे गेल्या आणि १९७० च्या एप्रिलमध्ये तिथे क्लब सुरू झाला. पहिल्या रात्री रॉक गायक जो कॉकर गायला. क्लबाचं नावही तेव्हा 'द डेपो'च होतं. पुढे पॉप गायक प्रिन्सने आपल्या सिनेमाचं चित्रीकरण इथेच केलं आणि ही जागा जगाच्या नकाशावर गेली. बाहेरच्या काळ्या भिंतीवर चांदण्या रंगवल्यात, प्रत्येक चांदणीत इथे वाजवून गेलेल्याचं नाव. प्रिन्सची चांदणी तेवढी सोनेरी.

या शहरात येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण त्या दारातून मी कधी आत गेले नव्हते. पलीकडे बास्केटबॉलचं मोठं मैदान आहे, तिथे मुलाला घेऊन गेले होते. येताजाता त्या चांदण्या दिसायच्या. रॉक म्हणजे आपलं काम नाही, हा समज मी इतकी वर्षं व्यवस्थित जपला होता.

मला तिथे नेलं शेजारच्या आजोबांनी. आजोबा मी मनात म्हणते. तोंडावर इथल्या रीतीप्रमाणे नुसतं नाव. सत्तरी ओलांडलेली, उंची सहा फुटांवर, आणि बोलणं दिवसातून साधारण दहा वाक्यं. त्यातली चार बर्फाबद्दल. दरवर्षी ते आणि त्यांचा भाऊ मिळून 'जेहॉक्स'च्या कार्यक्रमाला जातात. त्या वर्षी भाऊ हिवाळा लागताच उबदार ॲरिझोनाला निघून गेला (इथल्या म्हाताऱ्यांमध्ये ही साथ आहे) आणि एक तिकीट उरलं. फावडं हातात घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तू गातेस ना? मग चल."

मी गात नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी मंडळींबरोबर एक भावगीत म्हणते, त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात असावा.

जेहॉक्स हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही आणि अमेरिकेतही ते घराघरांत पोचलेलं नाही. १९८५ साली मिनिआपोलिसात जमलेला हा बँड. मार्क ऑल्सन आणि गॅरी लूरिस हे दोघे गाणारे आणि गाणी बांधणारे, मार्क पर्लमन बेसवर. तो काळ या शहरात हुस्कर डू आणि रिप्लेसमेंट्स या बँडांचा. सगळं वेगात, सगळं आरडाओरडीत. त्यात ही मंडळी जुन्या धाटणीचं कंट्री, म्हणजे अमेरिकन खेड्यांतलं गाणं, वाजवायला लागली. म्हणजे भर गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर कोणीतरी पेटी उघडून बसावं तसं. लूरिस तर शिकलेला आर्किटेक्ट. १९९२ च्या 'हॉलिवूड टाउन हॉल'ने त्यांचं नाव झालं. त्यांना रेकॉर्ड कंपनीकडे नेणाऱ्या निर्मात्याने आधीची रेकॉर्ड फोनवर बोलताना पलीकडच्या खोलीत वाजताना ऐकली आणि विचारलं, हे काय लावलंय? ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. मला ती आजोबांनी गाडीत सांगितली. त्यांची त्या दिवसाची दहा वाक्यं तिथेच संपली.

क्लबात शिरल्यावर पहिली लढाई कोटाची. बाहेर शून्याच्या खूप खाली, आत पंधराशे माणसांची ऊब. कोट ठेवायच्या खिडकीसमोर रांग, हातात नंबराचा चिठोरा, मग आजोबांनी खिशातून काढून दिलेले कानातले पिवळे बोळे. म्हणाले, "लाज वाटून घेऊ नकोस, इथे सगळेच घालतात." मी सभोवती पाहिलं. खरंच, निम्म्या लोकांचे केस पांढरे होते आणि बऱ्याच जणांच्या कानांत ते बोळे. गुडघ्यांना आधार म्हणून कठड्याजवळची जागा धरून उभे असलेले लोक. रॉकच्या कार्यक्रमाबद्दलची माझी सगळी भीती तिथेच उतरली. वातावरण नाट्यगृहाच्या व्हरांड्यासारखंच होतं, फक्त बटाटेवडा नव्हता.

मंचासमोर एक मोठा पडदा असतो, त्यावर पुढच्या कार्यक्रमांच्या जाहिराती चालू असतात. दिवे मंदावतात आणि तो पडदा वर जायला लागतो. आधी दिसतात बूट. मग गिटारीची बूड. मग हात. तिसऱ्या घंटेनंतर पोटात जे होतं ते मला तिथे झालं आणि मी स्वतःवरच चकित झाले.

आता थोडं त्या दोन शब्दांबद्दल, कारण या बँडाला लोक कधी 'अमेरिकाना' म्हणतात, कधी 'पॉवर पॉप'. दोन्ही शब्द मला आधी दुकानातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखे वाटायचे, आणि खरं तर त्या चिठ्ठ्याच आहेत. अमेरिकाना ही चिठ्ठी रूढ झाली १९९५ मध्ये, रेडिओवाल्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने त्या नावाची यादी छापायला सुरुवात केल्यावर. चर्चची गाणी, डोंगराळ भागातली लोकगीतं, कंट्री, ब्लूज हे सगळं ज्यात मुरलंय पण जे नॅशव्हिलच्या चकचकीत कंट्रीत बसत नाही, ते. ग्रॅमीवाल्यांनी त्याला स्वतंत्र बक्षीस दिलं २०१० पासून. पॉवर पॉप हा शब्द त्याहून जुना, १९६७ चा. 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडने आपण काय वाजवतो हे सांगताना तो वापरला. गोड चाल, खणखणीत गिटार, तीन-साडेतीन मिनिटांत आटोपतं. एक शेतातून आलेलं, एक शहरातून.

पण दोन्हीच्या मुळाशी गेलं की एकच गोष्ट हाती लागते: दोन आवाज. खेड्याकडून गेलात तर लूव्हिन ब्रदर्स, अलाबामाचे दोन सख्खे भाऊ. मग एव्हर्ली ब्रदर्स, तेही भाऊ. शहराकडून गेलात तर बीटल्स, आणि त्यांतले लेनन-मॅकार्टनी तरी कुठे शिकले? एव्हर्लींच्याच रेकॉर्डी ऐकून. म्हणजे जेहॉक्सनी २००० साली 'स्माइल' नावाची चकचकीत पॉप रेकॉर्ड काढली, पिंक फ्लॉइड बँडच्या 'द वॉल' या रेकॉर्डवर काम केलेला बॉब एझ्रिन निर्माता म्हणून आणला, आणि जुने चाहते नाराज झाले की तुम्ही आपलं घर सोडलंत, तेव्हा ते घर सोडून गेलेच नव्हते. मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने आत आले होते. न्यूयॉर्क टाइम्सने त्या रेकॉर्डच्या समीक्षेला मथळा दिला होता, त्याचा अर्थ असा की तुम्ही अभिजात काही घडवलंत आणि कोणी फिरकलंच नाही तर? स्तुती म्हणावी तर बोचणारी, आणि सांत्वन म्हणावं तर उघड्यावर केलेलं.

दोन आवाज. इथेच माझी अडचण होती.

माझे बाबा भजनी मंडळात कोरसाला. सिंधुदुर्गातल्या माणसाला डबलबारी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की दोन मंडळं समोरासमोर बसतात, दोन बुवा, दोन पखवाज, आणि रात्रभर आळीपाळीने एकमेकांना गाण्यातून जबाब देतात. जत्रेत त्या सामन्याला जी गर्दी असते तशी मी फर्स्ट ॲव्हेन्यूलाही पाहिली नाही. बाबा बुवांच्या मागे, झांजवाल्याच्या बाजूला. तीसेक वर्षं तीच जागा. कोणी ऑडिओ कॅसेट आणली तर त्यात बाबांचा आवाज शोधण्याचा खेळ आम्ही भावंडं खेळायचो आणि तो कधीच सापडायचा नाही. कोरसात मलाही त्यांनी एकदा बसवलं होतं, घरच्या गणपतीला. तेव्हा मला बजावलेलं वाक्य असं: "बुवाच्या मागसून म्हणाचा, फुडे जावचा नाय, आणि येगळा तर म्हणाचाच नाय."

वेगळं म्हणणं हा दोष. आमच्या सगळ्या संगीताचाच तो कायदा. चाल एक, शंभर माणसं गायली तरी चाल एकच, फार तर बाया वरच्या पट्टीत, बाप्ये खालच्या. त्यामुळे कान असा घडतो की तो मुख्य आवाजाचं बोट धरून चालतो, बाकी सगळं मागे पडतं. इंग्रजी गाण्यात दोन जण दोन सुरांत गायले की मला त्यातला एकच ऐकू यायचा. दुसरा म्हणजे नुसती साय.

तसं पाहिलं तर आमच्या हाकेच्या अंतरावर गोवा. तिथले ख्रिस्ती लोक मांडो गातात तो दोन आवाजांतच, घुमट नावाच्या मातीच्या वाद्यावर आणि व्हायोलिनवर; खालचा आवाज वरच्याला तिसऱ्या सुराच्या अंतरावर धरून चालतो. पणजी आकाशवाणी आमच्याकडे स्वच्छ लागायची आणि रविवारी दुपारी भाताबरोबर ते गाणं आमच्या कानांवर पडायचं. बाबा ऐकून म्हणायचे, "दोगव दोन चालीत म्हणतत, आणि भांडण कसा जाना नाय?" त्या वेळी हा आम्हांला विनोद वाटला. मला वाटतं बाबांना तो प्रश्न खरंच पडला होता.

तर त्या रात्री. मंचावर चौघे: लूरिस मध्यभागी लाल गिटार घेऊन, पर्लमन बाजूला जवळजवळ न हलता, कॅरन ग्रोटबर्ग पियानोवर, मागे टिम ओरेगन ड्रम्सवर. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत मी नेहमीप्रमाणे लूरिसचं बोट धरून चालले होते. मग एक गाणं ओरेगनने सुरू केलं. मागे बसून, काठ्या चालवता चालवता, काहीशा घोगऱ्या, झोपेतून उठल्यासारख्या आवाजात. ते गाणं त्याचंच बांधलेलं आहे हे मला नंतर कळलं. सगळ्या सभागृहाची मान मागच्या रांगेकडे वळली. आणि लूरिस, ज्याच्या नावावर लोक आले होते, तो माइकपासून अर्धं पाऊल मागे सरकला आणि ड्रमवाल्याला वरून साथ द्यायला लागला.

तिथे काहीतरी सुटलं. गाणारा मागे होता, म्हणून माझ्या कानाला पुढे बोट धरायला कोणी मिळेना, आणि त्या गोंधळात पहिल्यांदाच मला दोन्ही आवाज ऐकू आले. दोन वेगळ्या ओळी. दोघांची चाल वेगळी, शब्द एकच. एक जण 'सा'वर थांबलाय, दुसरा 'ग'वर, आणि मधली जागा कोणी न भरता भरलेली. गाण्याच्या क्लासात आमच्या बाई तंबोरा लावून गप्प बसायला सांगायच्या. म्हणायच्या, खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू. कोणी छेडलेला नसतो तो. मला तो कधी ऐकू आला नव्हता. ऐकू येतो असं मी खोटं सांगायचे, कारण बाकीच्या मुली हो म्हणायच्या. तो गंधार मला अखेर भेटला तो एका जुन्या बसस्टँडात, कानात बोळे घालून.

एकदा दिसायला लागल्यावर मग सगळीकडे तेच. कॅरनचा आवाज कुठे वर चढतो, कुठे मुद्दाम सपाट राहतो. काही ठिकाणी तिघे. एका गाण्याच्या शेवटी लूरिसचा गळा थोडा अडला आणि ओरेगनने आपली ओळ किंचित मोठी केली, पुढच्याच ओळीला परत खाली नेली. हे बाबांनी शेकडो वेळा केलं असणार. बुवांचा आवाज रात्री दोन वाजता बसतो तेव्हा कोरसाने काय करायचं असतं, याचे त्यांच्या मंडळात ठरलेले नियम होते.

आता त्या बँडची दुखरी जागा. सुरुवातीच्या रेकॉर्डींत बहुतेक गाण्यांत पुढचा आवाज ऑल्सनचा. लूरिस त्याच्या वरून जायचा. १९९५ च्या रेकॉर्डनंतर, ज्यात त्यांचं सर्वांत लाडकं गाणं 'ब्लू' आहे, ऑल्सन बँड सोडून गेला. त्याची तेव्हाची पत्नी व्हिक्टोरिया विल्यम्स, तीही गायिका, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार; ती दोघं कॅलिफोर्नियात वाळवंटाकडे राहायला गेली आणि आपली छोटी, घरगुती गाणी करू लागली. इथे लूरिसने बँड चालू ठेवला. कोरसातला माणूस बुवा झाला म्हणा ना. २०११ मध्ये दोघे परत एकत्र आले, एक रेकॉर्ड केली, आणि वर्षभरात पुन्हा वेगळे झाले. या दोन-आवाजी जोड्यांचं असंच होत आलंय. लूव्हिन बंधू १९६३ साली फुटले. एव्हर्ली १९७३ मध्ये कार्यक्रम चालू असताना. फिलने मंचावर गिटार आपटून फोडली आणि चालता झाला, डॉनने एकट्याने कार्यक्रम पुरा केला. पुन्हा एकत्र गायला त्यांना दहा वर्षं लागली. ज्यांचे आवाज एकमेकांत इतके मिसळतात की कोण कुठे संपतो ते कळत नाही, त्यांना एका गाडीतून प्रवास करवत नाही. बाबांचा प्रश्न बरोबरच होता. भांडण होतं, फक्त गाण्याच्या बाहेर.

शेवटाकडे 'ब्लू' आलं. पियानोचे ते पहिले सूर ऐकताच सभागृहातून एक उसासा निघाला. आपल्याकडे भैरवीला निघतो तसा. लूरिस आपली ओळ गायला लागला. मंचावर दुसरा आवाज बाकीच्यांनी वाटून घेतला होता, पण मला तो ऐकू आला तो खालून, माझ्या डाव्या खांद्याजवळून. आजोबा गात होते. डोळे समोर, हात पाठीमागे बांधलेले, चर्चमध्ये उभं राहावं तसे. मुख्य चाल नाहीच. खालची ओळ, ऑल्सनची. त्यांच्यापलीकडे बिअरचा पेला धरलेली एक बाई तीच ओळ गात होती. कठड्यावर वाकलेले दोघे भरदार बाप्येही. लाडकं गाणं आलं की श्रोते गातात हे मला ठाऊक होतं, लता-आशांच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला आम्हीही गातो. पण श्रोत्यांनी दुसरा आवाज उचललेला मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर पडताना, कोटाच्या रांगेत, मी त्यांना विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात. त्यांना प्रश्नच कळला नाही. शिकायचं काय त्यात? लहानपणापासून चर्चमध्ये बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, म्हणतो. भजनाचं पुस्तक उघडलं की चार ओळी छापलेल्या असतात, ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यायची. मिनेसोटा हा नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या लुथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा मुलूख. इथून तासाभराच्या अंतरावरच्या नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेज आहे, त्यांचं गायनवृंद १९१२ पासून चालू आहे आणि देशभर नावाजलेलं आहे. म्हणजे रॉकच्या क्लबात जे ऐकलं ते रॉकने शिकवलेलं नव्हतंच. रविवारची सकाळ शनिवारच्या रात्री आली होती, बिअर पिऊन.

मला त्यांचा थोडा हेवा वाटला. वेगळं म्हणायची परवानगी लहानपणीच मिळाली, म्हणून नाही. आपली ओळ कोणती हे ज्याला त्याला ठाऊक होतं, म्हणून. आमच्याकडे पुढे बुवा आणि बाकी सगळे बुवाच्या आवाजात विरघळलेले. त्याचीही गोडी आहेच; पहाटे चारला एकाच सुरात तीस गळे लागतात तेव्हा अंगावर काटा येतो, तो मला कुठल्याही हार्मनीने आलेला नाही. पण त्या तिसांत बाबा कुठे होते ते मला अजूनही सांगता येत नाही.

गाडीत आजोबांनी हीटर लावला, काच पुसली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी भाऊ ॲरिझोनालाच राहणार म्हणतोय." ते आमंत्रण होतं हे कळायला मला घर येईपर्यंत वेळ लागला.

मी फोनवर 'ब्लू'चा मिनिटभराचा तुकडा टिपला होता. घरी आले तेव्हा कुडाळात सकाळ झाली होती. बाबांना पाठवला. त्यांना आता थोडं कमी ऐकू येतं, पण फोन कानाला लावून ते दोन-तीनदा ऐकतात, आईने सांगितलं. मग त्यांचाच फोन आला. हा कुठला देव, ही कसली बारी, असलं काही विचारलं नाही.

"तो मागचो ढोलवालो बरो म्हणता."

मी सांगितलं, की या मंडळात आधी दोन बुवा होते, हे गाणं दोघांनी मिळून बांधलं.

"मगे दुसरो बुवा खंय?"

"गेलो तो. सोडून गेलो."

पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज.

"मगे त्येचा कोण म्हणता?"

"लोका म्हणतत, बाबा."

"सुरात?"

"बऱ्यापैकी."